टायरगाडीवर चढलेला रेडा

आमची टायरगाडी, म्हणजे रबरी टायरची बैलगाडी, घरामागच्या भिंतीला टेकून उभी असायची आणि तिच्या सावलीत कोंबड्या अंडी घालायच्या. बैल आधीच्याच दुष्काळात बाजारात गेले होते. गाडी मात्र आमच्या मालकांनी विकली नाही. दसरा झाला की ऊसतोडीचा मुकादम येणार, तो बैल मिळवून देणार, आणि गाडीत भांडी, पीठ, अंथरुणं टाकून आम्ही साखर कारखान्याकडं जाणार, असं त्यांच्या मनात पक्कं होतं. आमच्या डोंगरावरच्या वस्तीतलं प्रत्येक घर तसंच जायचं. लग्नाच्या वर्षापासून मीही गेले. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीत भरायच्या. पहाटे पाचटावर दहिवर असतं, ते बाहीतून कोपरापर्यंत आत शिरतं. अजून आठवलं तरी अंगावर काटा येतो.

गेली दोन वर्षं मात्र आम्ही गेलो नव्हतो, ते गायींमुळं. डोंगराच्या पोटात एक झिरा आहे. कितीही ऊन तापलं तरी त्याला वाटीवाटीनं पाणी येतं. त्याच्या भरवशावर वस्तीतल्या काही बायकांनी गायी घेतल्या आणि चौसाळ्याच्या बायकांच्या दूध सोसायटीत नाव घातलं. सोसायटीचा नियम साधा होता. जिचं दूध येईल तिला चारा आणि पेंड मिळेल. पावसानं दडी मारली, रानात काडी उरली नाही, तेव्हा त्या चाऱ्यावरच गायी उभ्या होत्या. म्हणजे दूध खाली गेलं नाही तर चारा वर येणार नाही, चारा आला नाही तर गायी बाजारात जाणार, आणि गायी गेल्या की पुन्हा कोयता.

कोयता आता धरायचा तो घरचा कडबा तोडायला, असं मी मनाशी ठरवलं होतं. कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. मला बोलायला जमत नाही. चार माणसं जमली की जीभ टाळूला चिकटते. चौथीत असताना गुरुजींनी कविता म्हणायला उभं केलं, तर कविता पाठ असून मी नुसती रडले होते. पुढं शाळाच सुटली, त्यामुळं तो प्रसंग पुन्हा आला नाही.

आमच्या वस्तीला रिकामी बैलगाडी कशीबशी उतरेल अशी पायवाट आहे, मोटारीचा रस्ता नाही. दूध डोक्यावरून खाली न्यायचं म्हटलं तर तोवर ऊन वर येतं आणि दूध फाटतं. त्यावर इलाज म्हणून आला तो रेडा. डोंगरावर झाडं लावायला आलेल्या एका संस्थेची ती गाडी. चार जाड टायर, मोटारसायकलसारखं हँडल, वर टांग टाकून बसायचं. दगडगोटे, ओढा, उभा चढ, कशालाच ती नाही म्हणत नाही. त्यांचं काम संपलं तेव्हा जाताना त्यांनी ती सोसायटीला दिली. काळी, बुटकी, पुढून रुंद, म्हणून बायकांनी तिला रेडा म्हणायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी सोसायटीच्या शेडपुढं एक म्हातारा काठी टेकून उभा राहिला.

"काय गं पोरींनो, दुधाच्या सोसायटीत रेडा कशाला? दूध देतो का?"

"देतो की बाबा," माझी धाकटी जाऊ म्हणाली. "डोंगरावरून आणून देतो."

रेडा चालवायला तीच शिकली. दीर चौसाळ्यात एका दुकानात कामाला होता, म्हणून ती तिथंच राहायची. माझ्या वाटणीचंही देवानं तिलाच बोलायला दिलं असावं. पदर खोचायची, दोन्ही बाजूंना कॅन अडकवायची आणि "चल रं राजा" म्हणत निघायची.

महामार्गाच्या अलीकडं आमचा डोंगर आणि पलीकडं, बऱ्याच अंतरावर, दुसऱ्या वस्त्यांचा डोंगर. रेडा एकच. जाऊ पहाटे पलीकडचं दूध उतरवायची आणि मग रेडा डांबरी रस्त्यानं हाकत आमच्या पायथ्याला यायची. सोसायटीची पिकअप दोन्हीकडचे कॅन घेऊन चौसाळ्याला, दूध थंड करायच्या टाकीकडं जायची. जवळजवळ दोन वर्षं हे चांगलं चाललं. मग एका सकाळी पोलिसानं तिला महामार्गावर अडवलं.

"नंबर कुठंय गाडीचा?"

"याला नंबर नसतोच की, सायब."

"मग रस्त्यावर पण यायचं नसतं. डोंगरावर चालवा, शेतात चालवा. इथं पुन्हा दिसली तर जमा करीन. न्यायचीच असेल तर दुसऱ्या गाडीवर टाकून न्या."

तो वावगं काही बोलला नव्हता. आदल्याच दिवशी एका ट्रकची हवा लागून जाऊ रेड्यासकट रस्त्याखाली गेली होती, हे तिनं मला नंतर सांगितलं. पण रेडा पिकअपमध्ये चढवला तर कॅनला जागा राहत नव्हती. तीन दिवस आमचं दूध डोक्यावरून खाली गेलं आणि तिन्ही दिवस टाकीवरून परत आलं.

चौथ्या दिवशी शेडमध्ये सभा झाली. सोसायटीच्या अध्यक्षीणबाईंना सगळ्या काकू म्हणायच्या. अंगानं भरलेल्या, आवाजानंही. त्या म्हणाल्या, "पलीकडं घरं जास्त हायत. रेडा तिकडंच ठेवू. डोंगरावरच्या बायांनी दूध लवकर खाली आणावं, जमलं तर."

जमणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, आम्हालाही. त्या दोन शब्दांत आमच्या गायी विकल्या गेल्या होत्या. मी नेहमीप्रमाणं सगळ्यांत मागं, रिकाम्या कॅनजवळ बसले होते. समोर कॅनचं झाकण होतं. त्या झाकणाकडं बघत मी म्हणाले, "आमची टायरगाडी हाय."

काकूंनी मान उंच केली. "कोण बोललं?"

"आमच्या बाई बोलल्या," जाऊ म्हणाली. "पातेली बाहेर मांडून ठेवा, आज पाऊस येतोय."

सगळ्या हसल्या. माझे कान तापले. पण तोंड एकदा उघडलं होतं, ते मिटायच्या आत सगळं बोलून घ्यावं म्हणून मी झाकणालाच सांगत राहिले. "टायरगाडी पडून हाय. तिला लोखंडी पत्रा टाकला, म्होरं हूक बसवला, तर रेडा तिच्यावर मावंल. कॅन पिकअपमदी, रेडा गाडीवर. पिकअप वढून नेईल."

पिकअपवाला दारात टेकून उभा होता. "म्हंजी मला बैल करता व्हय?"

"तसाबी तू डुरकतोसच," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मालकाला इचारलंस का गं, बाई?"

मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे मी त्यांच्यावर सोडलं.

घरी बातमी माझ्या आधी पोचली होती. मालक उंबऱ्यावर बसले होते.

"गाडी दिलीस म्हनं."

"दिली न्हाई. नुसतं बोलले."

"बोललीस? तू? सभंत?" गाडीपेक्षा त्यांना त्याचंच जास्त नवल वाटलं. मग म्हणाले, "आन् दसऱ्याला कशावर जायचं?"

"जायचंच न्हाई."

"पाऊस न्हाई पडला तर?"

"तरी न्हाई."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं बाजारात अनोळखी माणसाकडं पाहतात. मग उठून घरामागं गेले. मला वाटलं, रागानं गेले. बराच वेळ आवाज नाही म्हणून मी डोकावले. त्यांनी कोंबड्या हाकलल्या होत्या, गाडी भिंतीपासून खाली पाडली होती आणि चाकात वंगण घालत होते. पाठ माझ्याकडं होती. म्हणाले, "बेरिंग चांगलं हाय. पर चाकं लई मोठी पडतेत. रेडा वर चढायचा कसा?"

शेजाऱ्याचे बैल मागून गाडी चौसाळ्याला नेली. महामार्गाच्या कडेला एका मिस्त्रींचं वेल्डिंगचं दुकान आहे. दाढी पिकलेला, कामाला हळू आणि बोलायला गोड माणूस. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांचे वडील बैलगाड्या बनवायचे, हे त्यांनी पहिल्याच चहाला सांगितलं.

मी रोज दूध काढून खाली यायची. बोलत नव्हते, पण पाहत होते. चाचांनी आधी रेडा मोजला, मग गाडी मोजली. रुंदीला मावत होता, पण फळी छातीइतकी उंच होती. "इतक्या उंचीवर चढवायचा म्हटलं तर रेडा उताणा पडंल," ते म्हणाले. म्हणून मोठी चाकं काढून जुन्या जीपची चाकं बसवली. लाकडी फळ्या काढून खाली लोखंडाची चौकट आणि वर उठावदार नक्षीचा पत्रा टाकला, टायर घसरू नये म्हणून. मागं बिजागरीवर जाळीची उतरती फळी केली. ती खाली सोडली की रेडा चढायचा, उभी केली की दार बंद. जू काढलं. ज्या दांडीला ते बांधलं जायचं तिला लोखंडाचा पाय जोडून पुढं हूक बसवला. जू काढताना मालक बाहेर रस्त्याकडं जाऊन उभे राहिले.

मग शेवटचं काम आलं. रेडा गाडीवर नेमका कुठं उभा करायचा, ती जागा ठरवून पुढं लोखंडी आडकाठी जोडायची, म्हणजे त्याचे पुढचे टायर रोज तिथंच जाऊन टेकतील. जावेनं रेडा वर चढवला. चाचांनी दांडी हातानं उचलून पाहिली.

"जरा जड लागतीय."

"मागं घे," मालक म्हणाले. "अजून मागं."

जावेनं रेडा वीतभर मागं घेतला. मालकांनी दांडी उचलली, मग मी उचलली, मग काकूही आल्या होत्या, त्यांनी उचलली. ऊस भरताना आम्ही हेच करायचो. मोळ्या पुढं जास्त पडल्या तर जू बैलांच्या मानेवर बसतं, मान सुजते, कातडं निघतं. म्हणून भरणारा वर उभा राहून सारखा ओरडत असतो, मागं टाक, मागं टाक. किती वर्षं ते ऐकलं होतं. जावेनं रेडा अजून थोडा मागं घेतला आणि मी दांडीला एक बोट लावलं. एका बोटावर दांडी तरंगत राहिली.

"मान हलकी झाली," मी म्हणाले. इतक्या माणसांत मी आपण होऊन बोलले, म्हणून मला ते आठवतं. चाचांनाही पटलं. तिथंच आडकाठी जोडली. चाचा म्हणाले, "माझ्या वडलांनी पाहिलं असतं तर शाबासकी दिली असती."

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली फेरी. पिकअपमध्ये पुढं ड्रायव्हर, काकू आणि जाऊ. मागं रिकाम्या कॅनच्या मधे मी आणि मालक, तोंड गाडीकडं करून. गावातून निघालो तेव्हा गाडी शहाण्यासारखी मागून येत होती. महामार्गाला लागलो, पिकअपनं वेग घेतला आणि गाडी जराशी डावीकडं सरकली. मग उजवीकडं. मग मारक्या बैलानं शिंगं झटकावीत तशी दोन्हीकडं हेलकावे खायला लागली. हूक खडखडत होता, वरचा रेडा दोरांत आचके देत होता. मागून येणाऱ्या ट्रकनं लांबून भोंगा धरला तो सोडेचना. मालकांनी टपावर हात आपटले. ड्रायव्हरनं हळूहळू वेग कमी करत पिकअप कडेच्या कच्च्यावर उतरवली.

तो खाली उतरला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. "आपलं काम न्हाई हे. मला लेकरंबाळं हायत. उद्यापासून ही गाडी माज्या पिकअपला लावायची न्हाई."

काकूही खाली उतरल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं की आता रेडा पलीकडं जाणार. त्यांचा दम गेला होता. टेकायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्या टायरगाडीच्या पुढच्या काठावर, रेड्याच्या तोंडापुढं, मटकन बसल्या.

मी हुकाजवळ उभी होते. आधी तो हातानं हलवला तरी खडखडत होता, वर उचलला जात होता. काकू बसल्या आणि तो खाली दबून गप्प बसला. मी हलवून पाहिला. हलेना. मला पूर्ण उमगलं नव्हतं, पण दसऱ्याला कोयता घेऊन उभी असलेली मी मला डोळ्यांपुढं दिसत होते. आता गप्प राहून चालणार नव्हतं.

"दादा," मी ड्रायव्हरला म्हणाले, "एकवार, हळू चालवा. ह्या कच्च्यावरनंच. काकू तितंच बसलेल्या ऱ्हाऊ द्या."

"काय?" काकू म्हणाल्या.

"बसा हो काकू," जाऊ म्हणाली. "आजवर पालखीत कुणी बसवलं न्हाई तुमाला."

"मेले तर तुज्या मानगुटीवर बसंन, भवाने," असं म्हणून काकूंनी रेड्याचं हँडल मागे हात करून घट्ट धरलं.

ड्रायव्हर कपाळाला हात लावून आत बसला. कच्च्या रस्त्यावर खड्डे होते, गाडी उसळत होती, पण शेपूट हलवत नव्हती. पिकअप वळेल तिकडं निमूट वळत होती. त्यानं थोडा वेग दिला. तरी सरळ. बाजूनं चालत येणारे मालक एकाएकी थांबले आणि मांडीवर थाप मारली.

"आरं, पिकअपला मान कुठं हाय!"

ते हसत होते. कितीतरी महिन्यांनी हसत होते. "बैलाची मान जपली आपण. एका बोटावर तोलली. हितं बैलच न्हाई! भार हुकावर पायजे. हूक हलका पडला म्हनून मागचं धूड पळतंय."

"मंजी मी रोज म्होरं बसायचं का?" काकूंनी विचारलं.

"न्हाई काकू," मालक म्हणाले. "तुमच्या वजनाइतका रेडा म्होरं सरकवायचा."

"लई सरकवावा लागंल मग," ड्रायव्हर म्हणाला. त्याच्या ओठांना रंग आला होता. काकूंनी चप्पल उगारली.

तसेच हळूहळू कडेकडेनं चाचांच्या दुकानात परत आलो. त्यांनी ऐकून घेतलं, आडकाठीकडं पाहिलं, दाढीवरून हात फिरवला. म्हणाले, "बैल गेले, पण हात बैलाचेच राहिले, बेटी. माझे पण." मग त्यांनी आडकाठी कापली आणि दोन वीत पुढं जोडली. आता दांडी उचलायला मालकांना दोन्ही हात लावावे लागले. ती जड लागली की माझ्या मनात अजूनही चुकल्यासारखं होतं. इतक्या वर्षांची सवय, ती एका दुपारी जात नाही.

त्याच दिवशी पुन्हा महामार्गावर गेलो. काकू या वेळी पुढं बसल्या नाहीत, आमच्यासोबत मागं कॅनच्या मधे बसल्या, डोळे गाडीवर. पुढच्या ओढ्याच्या पुलापर्यंत गाडी एका रेषेत मागून आली. पूल ओलांडला तेव्हा काकू म्हणाल्या, "उद्या दूध तयार ठेवा, डोंगरवाल्यांनो."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीच्या आधी उठले. मोठी गाय दूध चोरते, तिच्याशी बोलत बोलत धार काढली. गायीशी बोलायला मला कधी अडचण आली नाही. वस्तीच्या टोकाला सगळ्या बायका कॅन घेऊन उभ्या होत्या. खाली पायथ्याला पिकअप दिसली, तिच्या मागं आमची गाडी. जावेनं उतरती फळी सोडली, रेडा खाली घेतला आणि चढाला लावला. त्याचा आवाज आधी आला, मग धूळ, मग ती. दूध खाली गेलं तेव्हा ऊन अजून पाऊलवाटेवर उतरलं नव्हतं. पेंडीची पोती परतीच्या खेपेला त्याच रेड्यावर वर आली.

त्या वर्षी पाऊस फार उशिरा आणि थोडा पडला. दसऱ्यानंतर मुकादम आला. मालक झिऱ्यावर पाण्याला गेले होते, मी गोठ्यात होते. तो अंगणातून म्हणाला, "काय वैनी, तयारी झाली का? मालक कुठं हायत? आन् गाडी कुठं गेली, भिंत मोकळी दिसतीय?"

एरवी मी आत जाऊन मालक येईपर्यंत बाहेर आले नसते. शेणाचे हात पदराला न पुसता मी दारात आले.

"गाडी कामावर गेलीय," मी म्हणाले. "मालकबी कामावर हायत. आमी न्हाई येणार."

चहा विचारावा की नाही, मला कळेना. मग मी विचारला, त्यानं घेतला, आणि पुढच्या घराकडं गेला.

कोंबड्यांची मात्र जागा गेली ती गेली. त्या आता गव्हाणीत अंडी घालतात आणि धाकटी गाय चारा खाताना त्यांच्यावर फुरफुरते.